अंगठ्याचा पाया आणि दोन तारा

आमच्या परिचयाचे एक माध्यमिक शिक्षक पावसाळ्यात शाळेतून घरी परतताना मोटारसायकलवरून घसरून पडले. वेग बेताचाच होता. गुडघे खरचटले, शर्ट फाटला आणि उजव्या हाताचा अंगठा मुळाशी सुजला. पडताना मुठीत हँडल घट्ट धरलेले होते, एवढेच त्यांना आठवत होते. अंगठा थोडाफार वाकत होता, बोटे हलत होती. "हाड मोडले असते तर अंगठा हललाच नसता," असे घरातील सर्वांचे मत पडले. आंबेहळदीचा लेप लावला गेला. गावातील एका जाणत्या माणसाने अंगठा ओढून, चोळून दिला. हळूहळू सूज ओसरली.

तीन आठवड्यांनी सरांच्या लक्षात आले की आपल्याला खडू नीट धरता येत नाही. कुलपात किल्ली फिरवताना, शर्टाचे बटण लावताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येई. तेव्हा कुठे एक्स-रे काढला गेला. अंगठ्याच्या बुडाचे हाड तिरके मोडले होते आणि मोडलेला मोठा भाग जागा सोडून सरकला होता. शल्यचिकित्सक म्हणाले, "पहिल्या आठवड्यात आला असतात तर दोन बारीक तारांवर भागले असते. आता हाड भलत्याच जागी जुळू लागले आहे. हात उघडावा लागेल."

दोन बारीक तारांनी जे साधले असते, त्याला तीन आठवड्यांनी मोठी शस्त्रक्रिया का लागावी? आणि मुळात हात न उघडता, मोडलेले हाड प्रत्यक्ष न पाहता, ते तारांनी जागेवर कसे बसवता येते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना शाळेत शिकवले जाणारे बरेच विज्ञान उपयोगी पडते. तरफ, बलांची बेरीज, दाब, सावली या सर्वांची येथे गाठ पडते.

अंगठा कोठे सुरू होतो?

हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याकडे बोट दाखवतील. प्रत्यक्षात अंगठा त्याच्या बराच मागे, मनगटाजवळ सुरू होतो. डाव्या हाताच्या बोटाने उजव्या अंगठ्याच्या मागच्या बाजूने नखापासून मनगटाकडे चाचपत जा. आधी दोन छोटी हाडे लागतील. इतर बोटांत अशी तीन हाडे असतात, अंगठ्यात दोनच. त्यानंतर एक लांब हाड लागेल. हे अंगठ्याचे तळहातातील हाड, म्हणजे पहिली करभास्थी. ते संपते तेथे, मनगटाच्या किंचित अलीकडे, बोटाला एक खाच जाणवेल. आता अंगठा गोल फिरवा. खाचेखाली काहीतरी हलताना कळेल. आपल्या लेखाचा विषय असलेला सांधा तो हाच.

एका हातात २७ हाडे असतात: मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४. तळहातातील पाचपैकी चार करभास्थी एकमेकींशी बऱ्यापैकी जखडलेल्या असतात. पहिली मात्र मोकळी आहे. मनगटातील ट्रॅपेझियम नावाच्या छोट्या हाडावर ती टेकलेली असते आणि या दोघांमधला सांधा खोगिराच्या आकाराचा असतो.

घोड्याच्या पाठीवरचे खोगीर आठवा. पुढून मागे पाहिले तर ते मध्ये खोलगट असते. डावीकडून उजवीकडे पाहिले तर ते मध्ये उंच असून दोन्ही बाजूंना उतरते. सांध्याची दोन्ही हाडे अशाच आकाराची असतात आणि ती एकमेकांवर काटकोनात बसतात. दोन्ही हातांचे अंगठे व तर्जनी फाकवून त्यांची बेचकी एकमेकांत आडवी-उभी अडकवा. हे झाले या सांध्याचे प्रतिरूप. आता एक हात पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुलवून पाहा. दोन्ही हालचाली होतात, शिवाय थोडा पीळही देता येतो. या तिन्हींच्या जोरावर आपला अंगठा वळून इतर बोटांच्या समोर येतो. खडू, पेन, सुई, खुरपे, लाटणे, जे काही आपण धरतो ते या वळण्यामुळे.

पण या मोकळेपणाची किंमत असते. खुब्याच्या सांध्यात हाडाचा गोळा खोल खळग्यात बसलेला असतो. खोगीर सांध्यात तसा खळगा नाही. येथे हाडांना जागेवर ठेवण्याचे काम मुख्यतः अस्थिबंध करतात. अस्थिबंध म्हणजे एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधणारे चिवट तंतूंचे पट्टे. त्यांपैकी तळहाताच्या बाजूचा एक तिरका पट्टा ध्यानात ठेवावा. तो ट्रॅपेझियमपासून निघून पहिल्या करभास्थीच्या बुडाच्या आतल्या कोपऱ्याला, म्हणजे तळहात आणि तर्जनी यांच्या दिशेच्या कोपऱ्याला, चिकटलेला असतो. पुढच्या सगळ्या हकिगतीत त्याची भूमिका मोठी आहे.

चिमटीचे गणित

अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत १ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला तर बुडाच्या सांध्यावर किती भार येईल? "एक किलो" हे उत्तर चुकीचे आहे.

पट्टी घेऊन अंगठ्याच्या टोकापासून बुडाच्या सांध्यापर्यंतचे अंतर मोजा. प्रौढ माणसात ते सुमारे १० सेंटिमीटर भरते. अंगठा मिटवणारे स्नायू आणि त्यांच्या कंडरा मात्र सांध्याच्या अगदी जवळून, एखाद्या-दुसऱ्या सेंटिमीटरवरून ओढतात. म्हणजे ही अशी तरफ आहे की जिच्यात भाराची भुजा लांब आणि बलाची भुजा आखूड आहे. टोकाशी १ किलोचा जोर हवा असेल तर स्नायूंना त्याच्या कित्येक पट ओढावे लागते आणि ही सगळी ओढ करभास्थीला सांध्यावर दाबते. कूनी आणि चाओ या अमेरिकी संशोधकांनी १९७७ मध्ये या बलांचे गणित प्रसिद्ध केले. त्यानुसार साध्या चिमटीत टोकाशी १ किलो असेल तर बुडाच्या सांध्यावर सुमारे १२ किलो भार येतो. एखादी वस्तू मुठीत जोराने आवळली तर तो १२० किलोपर्यंतही जाऊ शकतो.

सांधा धडधाकट असतो तेव्हा हा भार कूर्चेच्या गुळगुळीत पृष्ठभागावर सारखा पसरतो. पृष्ठभागात पायरी पडली, म्हणजे एक भाग वर आणि एक खाली अशी स्थिती झाली, तर तेवढाच भार पायरीच्या कडेवर येतो. बल तेच, क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त. कूर्चा झिजू लागते. आज थोडी कळ, काही वर्षांनी कायमचे दुखणे, असा हा प्रवास असतो. सांध्याच्या आत मोडलेले हाड जसेच्या तसे बसवण्याचा आग्रह धरला जातो तो यासाठी.

डब्लिनमधील जुनी हाडे

अंगठ्याच्या बुडाचा हा तिरका अस्थिभंग बेनेट यांच्या नावाने ओळखला जातो. एडवर्ड हॅलरन बेनेट (१८३७–१९०७) हे आयर्लंडमधील डब्लिन येथे, ट्रिनिटी कॉलेजमध्ये शल्यचिकित्सेचे प्राध्यापक होते. १८८२ मध्ये त्यांनी या मोडीचे वर्णन प्रसिद्ध केले. रंटगेन यांनी क्ष-किरण शोधले ते १८९५ मध्ये. म्हणजे एक्स-रे उपलब्ध नसताना, त्याच्या तेरा वर्षे आधी बेनेट यांनी ही मोड ओळखली. त्यांनी पाहिली होती ती संग्रहालयात जपून ठेवलेली, पूर्वी कधीतरी मोडून वेडीवाकडी जुळलेली हाडे. अंगठ्याच्या हाडांत मोडीची रेघ पुन्हा पुन्हा एकाच जागी, एकाच तिरकस दिशेने गेलेली त्यांना दिसली. जिवंतपणी या माणसांचे दुखणे बहुधा "मुरगळला आहे" म्हणून सोडून दिले गेले असावे. आमच्या सरांच्या घरी झाले ते याहून वेगळे नव्हते.

अंगठा किंचित वाकलेला असताना त्याच्या लांबीच्या दिशेने जोराचा धक्का बसला की ही मोड होते. मोटारसायकलचे हँडल धरून पडणे, मुठीवर पडणे, मुठीने ठोसा मारणे ही तिची नेहमीची कारणे आहेत. धक्क्याने करभास्थीचे बूड ट्रॅपेझियमवर आदळते. पण आतल्या कोपऱ्याला तो तिरका अस्थिबंध घट्ट धरून असतो. हाड तेथेच तिरके फाटते आणि कोपऱ्याचा एक लहानसा तुकडा वेगळा होतो.

येथे एक गंमत आहे. हाड मोडले की "तुकडा निसटला" असे आपण म्हणतो. या मोडीत उलटे होते. लहान तुकडा अस्थिबंधाला बांधलेला असल्याने जागेवरच राहतो. निसटते ते बाकीचे सबंध हाड. नावेची दोरी खुंटाला बांधलेली असावी आणि नावेचा कोपरा दोरीसकट मोडून खुंटाजवळ राहावा, नाव मात्र प्रवाहात निघून जावी, तसेच हे. येथे प्रवाहाचे काम स्नायू करतात. मनगटाकडून येणारी, अंगठा बाहेर नेणाऱ्या लांब स्नायूची कंडरा करभास्थीच्या बुडालाच जोडलेली असते. ती बुडाला मागे आणि मनगटाकडे खेचते. त्याच वेळी अंगठा तळहाताकडे ओढणारा स्नायू हाडाचे पुढचे टोक तळहाताकडे खेचतो. या दोन ओढींमुळे हाड वर सरकते आणि कलंडते. माणूस झोपलेला असतानाही स्नायूंमध्ये थोडा ताण असतोच. त्यामुळे ही ओढ दिवसरात्र चालू राहते.

वर्गात करून पाहा

दोन खडू घ्या. एक सरळ आडवा मोडा. दुसरा करवतीच्या पात्याने किंवा घासून असा तिरका कापा की काप लांबट होईल. दोन्ही खडूंचे तुकडे पुन्हा जुळवा आणि दोन्ही टोकांकडून बोटांनी हळूच दाबा. आडवा मोडलेला खडू दाबाखाली टिकून राहतो. उलट, दाबल्याने तो अधिकच घट्ट बसतो. तिरक्या खडूचे तुकडे उतारावरून एकमेकांवर घसरतात. आपण लावलेल्या बलाचा एक घटक उताराच्या दिशेने काम करतो आणि त्याला अडवायला घर्षणाशिवाय काही नसते.

प्लॅस्टर एकटे का पुरत नाही हे यावरून कळते. प्लॅस्टर असते कातडीबाहेर. कातडी आणि हाड यांच्यामध्ये स्नायू, चरबी आणि सूज असते. सूज उतरली की प्लॅस्टर सैल होते. आत स्नायूंची ओढ चालूच असते आणि तिरक्या मोडीवर हाड हळूहळू घसरते. मोड सांध्याच्या बाहेर, आडवी असेल तर गोष्ट वेगळी. तशी मोड बहुधा प्लॅस्टरमध्ये बरी होते. सुमारे ३० अंशांपर्यंतचा वाकडेपणाही तेथे चालून जातो, कारण खोगीर सांध्याची मोकळी हालचाल तो भरून काढते. म्हणजे दोन मोडी एक्स-रेत शेजारी शेजारी दिसल्या तरी त्यांचे उपचार निरनिराळे असतात.

आता एक गाजर घ्या. तेही तिरके कापा, जुळवा आणि त्यातून एक टाचणी आरपार टोचा. तुकडे सरकणार नाहीत, पण टाचणीभोवती फिरतील, कारण टाचणी आसासारखी वागते. दुसरी टाचणी वेगळ्या कोनातून टोचा. आता फिरणेही थांबेल. हाडाला बहुधा एकाऐवजी दोन तारा का लावतात, याचे उत्तर या गाजरात आहे.

हात न उघडता

या तारांना के-वायर म्हणतात. जर्मन शल्यचिकित्सक मार्टिन किर्शनर यांनी १९०९ मध्ये त्या वापरात आणल्या, म्हणून हे नाव. तार न गंजणाऱ्या पोलादाची, टोकदार आणि अंगठ्यासाठी साधारण १ ते १.६ मिलिमीटर जाडीची असते. सायकलच्या चाकातील तारेपेक्षाही ती बारीक भरेल.

प्रथम हात किंवा संपूर्ण शरीर बधिर केले जाते. त्यामुळे वेदना थांबतात, शिवाय स्नायूही सैल पडतात. मग शल्यचिकित्सक अंगठा लांबीच्या दिशेने ओढतात, तळहातापासून दूर नेतात, किंचित आत वळवतात आणि त्याच वेळी करभास्थीच्या बुडावर बाहेरून अंगठ्याने दाब देतात. या प्रत्येक हालचालीमागे कारण आहे. ओढण्याने लांब कंडरेची ओढ निष्फळ होते, दूर नेण्याने तळहाताकडच्या स्नायूची, आणि बुडावरच्या दाबाने वर निसटलेले हाड खाली बसते. कोणते बल कोठे काम करते हे माहीत असेल तर प्रत्येकाला नेमके विरुद्ध बल देता येते. हाड प्रत्यक्ष पाहण्याची गरज पडत नाही.

हाड बसले की छोट्या यांत्रिक ड्रिलने कातडीतूनच तार आत सरकवली जाते. करभास्थीतून ती ट्रॅपेझियममध्ये किंवा शेजारच्या दुसऱ्या करभास्थीत नेतात. आणखी एक बाब शिकवण्याजोगी आहे. तार त्या लहान तुकड्यात घातलीच पाहिजे असे नाही. तुकडा तर जागेवरच आहे! भरकटलेले हाड त्याच्यापाशी आणून तेथे धरून ठेवले की काम झाले. नावेचे उदाहरण पुढे न्यायचे तर खुंटाला हात लावायचा नाही, नाव किनाऱ्याला आणून बांधायची. बेनेटच्या मोडीसाठी अशी तार लावण्याची पद्धत वॅग्नर यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केली. तिचे निरनिराळे प्रकार आजही वापरात आहेत.

तारांची टोके कातडीबाहेर वाकवून ठेवतात किंवा कातडीखाली कापतात. वरून प्लॅस्टर किंवा आधारपट्टी लावतात. साधारण चार ते सहा आठवड्यांनी तारा काढल्या जातात आणि अंगठ्याचे व्यायाम सुरू होतात. हाड जुळण्यासाठी लागणारा रक्तपुरवठा आजूबाजूच्या मऊ ऊतींतून येतो. हात न उघडल्याने त्या ऊतींना धक्का लागत नाही आणि व्रणही राहत नाही.

सावली वाचण्याची विद्या

हाड न पाहता बसवायचे म्हणजे अंदाजाने बसवायचे असे मात्र नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराचे एक यंत्र असते. त्याला सी-आर्म म्हणतात. त्याच्या एका टोकाकडून क्ष-किरण निघतात, दुसऱ्या टोकाशी ते टिपले जातात आणि हाडांचे चित्र पडद्यावर दिसते. १९५० च्या दशकात अशी यंत्रे आली आणि तारांचे काम सोपे झाले.

पण हे चित्र म्हणजे सावलीच असते. आपला तिरका कापलेला खडू किंचित सरकवून जोडा आणि दिव्यासमोर धरून भिंतीवर त्याची सावली पाडा. खडू स्वतःभोवती फिरवत जा. एका कोनात सरकलेली पायरी स्पष्ट दिसेल, तर दुसऱ्या कोनात खडू अखंड असल्यासारखा वाटेल. त्रिमितीतील वस्तू द्विमितीत उतरली की एक मिती हरवते. म्हणून शल्यचिकित्सक सी-आर्म किंवा हात फिरवून निरनिराळ्या कोनांतून पाहतात. तरीही मृतदेहांच्या हातांवरील अभ्यासांत असे आढळले आहे की पडद्यावर दिसलेली पायरी आणि सांधा उघडून मोजलेली पायरी यांत फरक पडू शकतो. म्हणूनच आता काही ठिकाणी सांध्यात सुमारे २ मिलिमीटर जाडीची दुर्बीण घालून कूर्चेचा पृष्ठभाग प्रत्यक्ष पाहिला जातो. अंगठ्याच्या या छोट्या सांध्यात दुर्बीण नेण्याच्या पद्धती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झाल्या.

"छोटे भोक, म्हणजे छोटे काम" अशी समजूत करून घेऊ नये. अंगठ्याच्या बुडाशी मनगटाकडून येणारी रोहिणी आणि कातडीला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या बारीक शाखा असतात. त्या न दिसता चुकवाव्या लागतात. तार फिरताना घर्षणाने उष्णता निर्माण होते. हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिले तरी हाडाच्या पेशींना इजा होऊ शकते, हे १९८० च्या दशकातील प्रयोगांतून दिसले आहे. म्हणून तार पुन्हा पुन्हा घुसवणे टाळायचे असते. तारेच्या वाटेने जंतुसंसर्गही होऊ शकतो. आणि क्ष-किरणांच्या झोतात शल्यचिकित्सकाचे स्वतःचे हातही असतात. येथे व्यस्त वर्गाचा नियम उपयोगी पडतो: अंतर दुप्पट केले की किरणांची मात्रा चौथ्या हिश्शावर येते.

मोठा छेद केव्हा?

प्रत्येक मोडीला तारा पुरतात असे नाही. इटलीतील रोलांडो यांनी १९१० मध्ये वर्णन केलेल्या मोडीत बुडाचे तीन किंवा अधिक तुकडे होतात आणि मोडीची रेघ इंग्रजी 'वाय' किंवा 'टी' अक्षरासारखी दिसते. तेथे बऱ्याचदा हात उघडून पट्टी व स्क्रू लावावे लागतात, किंवा बाहेरून सांगाडा लावून हाड ताणून ठेवावे लागते. बेनेटच्या मोडीतही तुकडा मोठा असेल तर छोट्या स्क्रूने तो जोडता येतो. बाहेरून हाड बसतच नसेल तर सांधा उघडण्याला पर्याय नसतो.

मग उघडून केलेली शस्त्रक्रिया अधिक चांगली का? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेनेटच्या मोडीसाठी तारा लावलेल्या आणि हात उघडून स्क्रू लावलेल्या रुग्णांची काही वर्षांनी तुलना केली गेली. दोन्ही गटांच्या हातांच्या कामात किंवा सांध्याच्या झिजेत लक्षणीय फरक आढळला नाही. हाड किती नीट बसले आणि बसलेल्या जागी राहिले का, हे छेदाच्या लांबीपेक्षा महत्त्वाचे. छेद लहान असणे हे साध्य नव्हे. हाड नीट बसणे हे साध्य, आणि ते लहान छेदात साधत असेल तर उत्तमच.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. मोड ताजी असताना दोन भागांमध्ये केवळ साकळलेले रक्त असते. ओढले, दाबले की हाड जागेवर येते. पुढे त्या रक्ताच्या जागी तंतूंची मऊ जोड तयार होते, तिच्यात नवे हाड येऊ लागते आणि स्नायू आखडलेल्या लांबीला सरावतात. दोन-तीन आठवड्यांनी हाड बाहेरून ओढून हलत नाही. चुकीच्या जागी पडलेली जोड सोडवायची तर सांधा उघडावाच लागतो. शरीर हाड जुळवण्याचे काम चोख करते. ते कोठे जुळवायचे हे मात्र त्याला ठाऊक नसते.

मुलांचा अंगठा

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकाजवळ वाढीची कूर्चा असते. तळहातातील इतर चार करभास्थींमध्ये ती बोटांकडच्या टोकाला असते. अंगठ्याच्या करभास्थीत मात्र ती बुडाशी असते, म्हणजे आपण पाहत असलेल्या सांध्याच्या अगदी जवळ. बोटांच्या छोट्या हाडांतही ती बुडाशीच असते. त्यामुळे अंगठ्याचे हे हाड खरोखर तळहाताचे की बोटाचे, असा वाद शरीररचनाशास्त्रात पूर्वीपासून आहे.

मुलांचा अंगठा दुखावला की मोड बऱ्याचदा या वाढीच्या कूर्चेजवळ होते. ती सांध्यात शिरलेली नसेल तर बहुतेक वेळा हाड बसवून प्लॅस्टर पुरते. वाढीच्या काळात थोडासा वाकडेपणा हाड आपण होऊन सुधारते. पण मोड कूर्चा ओलांडून सांध्यात गेली असेल तर ती मोठ्यांच्या बेनेटच्या मोडीइतक्याच काळजीने, बहुधा तारांनी, बसवावी लागते. कोणती मोड कोणत्या प्रकारची, हे बाहेरून चाचपून सांगता येत नाही. त्यासाठी एक्स-रे लागतोच.

शाळेत काय करावे?

कबड्डीत, क्रिकेटचा झेल घेताना किंवा सायकलवरून पडून एखाद्या मुलाचा अंगठा दुखावला तर पुढील चिन्हे पाहावीत: अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ सूज, तळहाताच्या अंगठ्याकडील उंचवट्यावर काळे-निळे पडणे, मुळाशी हलके दाबल्यावर कळ, चिमटीत कागद धरून ठेवता न येणे. शेवटची खूण सर्वांत सोपी आहे. मात्र दुखत असताना मुलाकडून ती पुन्हा पुन्हा करवून घेऊ नये. अंगठा हलतो म्हणजे हाड शाबूत आहे, असा निष्कर्ष काढू नये. बेनेटच्या मोडीत टोकाचे सांधे ठीक असल्याने अंगठा वाकतोच.

अंगठा ओढू नये, चोळू नये. बोटातली अंगठी, हातातली बांगडी किंवा कडे सूज वाढण्यापूर्वी काढावे. हातात गुंडाळलेला रुमाल सैलसर धरायला द्यावा. त्याने अंगठा पेला धरल्यासारख्या स्थितीत राहतो. त्यावरून मऊ पट्टी बांधून हात झोळीत, छातीच्या उंचीवर ठेवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावण्यास हरकत नाही. एक्स-रे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हायला हवा. पालकांना हे सांगताना "सूज उतरली की पाहू" या वाक्याला ठामपणे विरोध करावा. सूज उतरेपर्यंत दोन तारांची वेळ टळून गेलेली असू शकते.

आमच्या सरांचा हात शेवटी उघडावा लागला. हाड सोडवून पुन्हा बसवले गेले. तीन महिन्यांनी ते फळ्यावर लिहू लागले. पण पहिले काही आठवडे खडू तर्जनी आणि मधले बोट यांच्यात धरून. थंडीच्या दिवसांत अंगठ्याचे मूळ अजून ठणकते. बल हा धडा शिकवताना ते आता मुलांना खडू तिरका कापून दोन्ही टोकांकडून दाबायला सांगतात. तुकडे घसरले की स्वतःचा अंगठा पुढे करतात.